अर्थपूर्ण आणि साहसी

मराठी वर्तमानपत्रांत ‘अर्थपूर्ण’ हा शब्द एकाच अर्थाने छापला जातो. बदल्यांच्या मोसमात अर्थपूर्ण हालचाली, टेंडर उघडण्याआधी अर्थपूर्ण चर्चा, बिल्डर आणि अधिकारी यांच्यात अर्थपूर्ण स्नेह. त्यामुळे परवा एक मित्र डोळे किंचित मिटून म्हणाला, “आता मला अर्थपूर्ण आयुष्य जगायचंय,” तेव्हा मी पटकन विचारलं, “कुठल्या खात्यात लागलास?”

तो रागावला. त्याला पुढे ‘साहसी’ही म्हणायचं होतं.

त्या शब्दाची कुंडली तर आणखी वाईट. आपल्या धर्मशास्त्रात कज्जेखटल्यांची अठरा व्यवहारपदं सांगितली आहेत, त्यांतलं एक ‘साहस’. म्हणजे दांडगाईने, उघड्यावर, चारचौघांसमक्ष केलेला गुन्हा. लूटमार वगैरे. तेव्हा अर्थपूर्ण आणि साहसी आयुष्य म्हणजे एकूण काय, ते ज्याचं त्याने ताडावं. असं आयुष्य जगणाऱ्यांना निवडून द्यायची आपल्याकडे पद्धत आहे.

मित्राला निवडणूक लढवायची नव्हती. त्याला राजीनामा द्यायचा होता.

गेल्या सहा महिन्यांतला ओळखीतला हा तिसरा राजीनामा. तिघेही चाळिशी ओलांडलेले, तिघांच्याही फ्लॅटचे हप्ते फिटलेले. हप्ते चालू असताना कोणाला आयुष्याचा अर्थ सापडेनासा झाल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही. तो दर महिन्याच्या पाच तारखेला बिनचूक सापडतो. खात्यातून वजा होतो, मेसेजही येतो.

राजीनाम्यानंतरचा पहिला मुक्काम ठरलेला. गोवा. मोरजी किंवा हरमल, समुद्राकडे तोंड करून खोली, मांडीवर लॅपटॉप. कशाला? तर “स्वतःला शोधायला.” हा ‘स्वतः’ नेहमी समुद्रकिनाऱ्यावरच का लपून बसतो? मूर्तिजापूरला का सापडत नाही? तिथे खोलीही स्वस्त आहे.

आणि आपण तिकडे जातो तेव्हा गोंयकार काय करत असतो? १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टाच्या बळावर हजारो गोंयकार इंग्लंडात स्विंडनला गेले, गोदामांत आणि कारखान्यांत कामाला लागले. आपण अर्थ शोधायला गोव्यात, गोंयकार अर्थ शोधायला स्विंडनात.

त्याला सापडला. पौंडांत.

गोव्यात साहस होतच नाही, असं मात्र म्हणू नये. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या बोटयार्डात ‘म्हादेई’ नावाची ५६ फुटी शिडाची नाव बांधली गेली. ती घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार थांबे घेतले आणि पृथ्वीला वळसा घालून १९ मे २०१० ला परत आले. एकट्याने ही फेरी मारणारे पहिले भारतीय. हे नऊ महिने सगळ्यांना ठाऊक. त्याआधीची तीन वर्षं कोणी विचारत नाही. ती गेली नाव बांधून घेण्यात, कागदपत्रांच्या मागे लागण्यात आणि जे देशात आधी कोणी केलंच नव्हतं ते शिकण्यात.

हिशेब मांडला तर साहसाचे चारपंचमांश म्हणजे लाकूड, फायबरग्लास आणि फायली. याचं रील कोण बघणार?

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “अरे, एवढा पेशन्स असता तर राजीनामा कशाला दिला असता?”

त्याच्या हातात ‘इकिगाई’ होतं. असणारच. सिग्नलला पायरेटेड, विमानतळावर अस्सल आणि वाढदिवसाला दोघांकडून एकेक, असं ते पुस्तक घरोघर पोचलेलं आहे. त्यावरून फिरणारी ती चार वर्तुळंही तुम्ही पाहिली असतीलच. आवडतं ते, जमतं ते, जगाला हवं ते, पैसे मिळतात ते. चारही एकमेकांत शिरतात त्या बोटभर जागेत तुमच्या जगण्याचं कारण दडलेलं. प्राचीन जपानी शहाणपण!

फक्त ते प्राचीन नाही. आणि जपानीही नाही.

वर्तुळं काढली आंद्रेस सुसुनागा नावाच्या स्पॅनिश गृहस्थांनी. व्यवसायाने ज्योतिषी. मधल्या जागेत त्यांनी ‘प्रयोजन’ अशा अर्थाचा साधा स्पॅनिश शब्द लिहिला होता. २०१४ साली मार्क विन नावाच्या ब्रिटिश माणसाने तो काढून तिथे ‘इकिगाई’ बसवला. पुस्तकाचे दोन्ही लेखकही मूळचे स्पेनचेच. म्हणजे आमचा मराठी माणूस पंधरा वर्षांची नोकरी सोडतो ती एका स्पॅनिश ज्योतिषाच्या आकृतीवर बोट ठेवून.

मग कोपऱ्यावरचे जोशीबुवा काय वाईट होते? ते निदान शनी कुठे बसलाय ते सांगतात.

इकिगाईवर एका जपानी बाईंनी खरोखरच पुस्तक लिहिलेलं आहे, १९६६ साली. मिएको कामिया, मनोविकारतज्ज्ञ. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत काम करत. घर गेलं, माणसं गेली, बोटं गेली, तरी इथल्या काहींना जगावंसं वाटतं आणि काहींना नाही, असं का? हा त्यांचा प्रश्न. त्यात ‘पैसे मिळतात ते’ असं वर्तुळ नाही. म्हणून तर ते पुस्तक सिग्नलला मिळत नाही.

कुष्ठरुग्णांची वसाहत म्हटली की मराठी माणसाला वरोरा आठवतं. आठवायलाच हवं. आता तर तिकडे सहलीही निघतात. आनंदवन बघायचं, पुढे हेमलकसा बघायचं, गहिवरायचं, फोटो काढायचे. जिल्ह्यात आलोच आहोत तर येता-जाता ताडोबा. सकाळी सेवाभाव, संध्याकाळी सफारी.

आणि वाघ दिसला नाही तर “ट्रिप वाया गेली राव!”

बाबा आमटे तरी कुठे अर्थ शोधायला निघाले होते? पावसात रस्त्याकडेला पडलेल्या तुळशीरामला बघून ते आधी पळाले. कशालाही न भिणारा म्हणून नाव असलेला माणूस भ्यायला. आपण भ्यालो, हे सहन होईना म्हणून परत फिरले. चार वर्तुळांत हे कुठे बसवता? ‘भीती वाटते ते’ असं पाचवं वर्तुळ काढलं तर पुस्तकाचा खप पडेल.

आता शनिवार-रविवारवाले. हे हुशार. राजीनामा देत नाहीत. यांचं साहस शुक्रवारी रात्री अकराला बसमध्ये चढतं आणि सोमवारी सकाळी साडेनऊला कार्ड पंच करतं.

माझी स्वतःची मजल पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपर्यंत. त्याही मधे एकदा बसून. पण गेल्या पावसाळ्यात घरच्यांनी वर्गणी काढून मला कळसूबाईच्या ट्रेकला पाठवलं. पॅकेजमध्ये जाणं-येणं, चहा-पोहे, ‘अस्सल गावरान’ जेवण, गाइड आणि शेवटी प्रमाणपत्र. सोबत एक फॉर्म. काही बरंवाईट झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत. साहसाची हमी आहे, जिवाची नाही. सही करायला पेन मात्र त्यांनी दिलं.

बसमध्ये ओळखपरेड झाली. नाव, कंपनी आणि ‘मी ट्रेक का करतो?’ सव्वीस जणांनी एकच उत्तर दिलं, “रुटीनमधून ब्रेक.” सत्ताविसावा मी. “बायकोने पाठवलंय,” म्हणालो. टाळ्या फक्त मला पडल्या.

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच टोक. कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. पहाटे साडेचारला पहिल्या शिडीखाली ही रांग! मागचा सारखा ढोसत होता, “चला ना काका, सनराइज जाईल.” जणू सूर्य पाच वाजून वीस मिनिटांच्या एसटीने निघणार होता.

सूर्य दिसलाच नाही. ढग होते. तरी सगळ्यांनी पूर्वेकडे तोंड करून हात पसरले आणि फोटो काढले. फोटोत फक्त पांढरं. त्याखाली ओळ काय, तर ‘ढगांच्या वर’. ढगांच्या आत होतो हो आम्ही, चिंब.

माथ्यावर एक बाई लिंबूसरबत विकत होती. खाली, बारी गावात, ग्लास वीस रुपये. मधल्या टप्प्यावर तीस. इथे चाळीस. मी म्हटलं, “मावशी, लिंबू तर तेच.”

“लिंबू तेच. चढ येगळा.”

आमच्या बसमध्ये चार एमबीए होते. उंचीचा इतका नेमका भाव चौघांनाही काढता आला नसता.

ग्लास विसळता विसळता तिनेच विचारलं, “तुम्ही समदे रविवारीच का येता? बुधवारी या की. बुधवारी कुत्रं नसतं वर.”

बुधवारी? बुधवारी आमची रिव्ह्यू मीटिंग असते.

लोहगडाची गोष्ट तर याहून भारी. शत्रूला वर येता येऊ नये म्हणून त्या गडाला एकामागून एक चार दरवाजे ठेवले. २०२३ च्या जुलैतल्या एका रविवारी गर्दी एवढी उसळली, की वर गेलेल्यांना खाली उतरता येईना. माणसं तासन्‌तास पायऱ्यांवर अडकून पडली. बांधणाऱ्यांना मानलं पाहिजे. गड अजूनही काम करतो, फक्त उलट्या दिशेने.

पगार आणखी वाढला की साहस बुलेटवर बसतं आणि लडाखला जातं. खारदुंग ला. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, जगातला सर्वांत उंच वाहनरस्ता म्हणून. नीट मोजल्यावर भरला १७,५८२. सुमारे आठशे फूट कुठे गेले? आपल्याकडच्या रस्त्यात अशी तूट निघाली असती तर चौकशी समिती बसली असती, आणि समितीच्या अहवालातही दोनशे फूट कमी निघाले असते.

पण पाटीखाली उभं राहून भरून घेतलेली छाती काही कोणी आठशे फुटांनी कमी केली नाही. आता तर त्याहून उंच रस्ते झाले. उमलिंग ला १९,०२४ फूट. झालं! सगळ्यांना पुन्हा जाणं आलं.

एव्हरेस्टचं काय विचारता! २०१९ च्या मे महिन्यात शिखराखालच्या माणसांच्या रांगेचा फोटो जगभर फिरला. तो बघून गर्दी घटेल असं वाटलं असेल तर तुम्ही भाबडे आहात. नेपाळने २०२५ मध्ये परवान्याची फी ११ हजार डॉलरवरून १५ हजारांवर नेली. रांग दिसली की भाव वाढवावा, हे लिंबूवाल्या मावशींचंच शास्त्र.

२९ मे १९५३ ला तेनसिंग आणि हिलरी वर पोचले तेव्हा हिलरींनी तेनसिंगचा फोटो काढला. स्वतःचा काढून घेतलाच नाही. म्हणजे एव्हरेस्टवर पहिल्यांदा पोचलेल्या दोघांपैकी एकाचा तिथला फोटो अस्तित्वात नाही. आज असा कोणी रिकाम्या हाताने खाली आला असता तर सोसायटीच्या ग्रुपवर त्याची काय गत झाली असती?

“बेस कॅम्पवरून परतला असणार.”

हे सगळं बघताना मला राहून राहून वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. पेणजवळचं गाव. घरात भिक्षुकी आणि डोक्यावर कर्ज. अशात बातमी आली, की बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरघोस. झालं, वडिलांची कशीबशी परवानगी काढून, काका रामभटांना घेऊन हे १८५७ च्या मार्चात उत्तरेला निघाले. हेतू एकदम स्वच्छ. अर्थ म्हणजे अर्थ, नाण्यांतला. स्वतःला शोधायचं असं काही डोक्यातही नव्हतं. ‘स्वतः’ घरीच होता आणि कर्जात होता.

वर्ष मात्र बघा कुठलं निवडलं.

महूच्या आसपास वाटेत शिपाई भेटले. भटजी, पुढे जाऊ नका, दंगा होणार आहे, असं त्यांनी बजावलं. आजचा आयोजक असता तर त्याने लगेच ‘लाइव्ह हिस्टरी एक्स्पीरियन्स’ म्हणून जादा पैसे लावले असते. हे दोघं पुढे गेले ते इतकं आल्यावर रिकाम्या हाती परतायचं कसं म्हणून. आणि मग जे अंगावर आलं ते आलं. ग्वाल्हेर झालं, झाशी झाली. राणी लक्ष्मीबाईंच्या शहरात असतानाच इंग्रजांचा वेढा पडला, तोफा डागल्या गेल्या, शहर पडलं, कत्तल झाली. विष्णुभट काय करत होते? लपले होते. मग पळाले. पुढेही बऱ्याच वेळा पळाले. मिळवलेली दक्षिणा लुटली गेली. पुन्हा मिळवली, पुन्हा गेली. आणि हा सगळा पळ त्यांनी पुढे कसलीही लाज न बाळगता लिहून ठेवला. मला त्यांचं कौतुक वाटतं ते याचं. शौर्याच्या जागी त्यांनी चक्क भूक लिहिली आहे.

घरी परतताना हातात पैसा नव्हता. खांद्यावर आईवडिलांसाठी गंगेची कावड होती.

ती हकिगत ‘माझा प्रवास’ म्हणून छापून आली १९०७ साली. तोवर विष्णुभट हयातही नव्हते. म्हणजे प्रसंग आणि पहिला लाइक यांत पन्नास वर्षांचं अंतर.

आपल्याला पन्नास सेकंद दम धरवत नाही. घाटात दरड कोसळली तर आधी मोबाइल बाहेर निघतो, मग माणसं.

असो. मित्राचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. चार महिन्यांनी तो हरमलहून परत आला. रंग रापलेला, मनगटात दोऱ्यांचे गुंते. जुन्याच कंपनीने त्याला सल्लागार म्हणून बोलावलं, दीडपट पैशांवर. काम तेच, टेबलही तेच, फक्त गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी निळ्याची हिरवी.

“मग अर्थ सापडला म्हणायचा,” मी म्हटलं. यावेळी तो रागावला नाही.

त्याला घेऊन मी माझ्या मावशीकडे गेलो होतो. मावशी त्र्याहत्तर वर्षांची. नुकतीच चौथ्यांदा गिरनारला जाऊन आली होती. दत्ताच्या पादुकांपर्यंत दहाएक हजार पायऱ्या. २०२० पासून अंबाजीपर्यंत रोपवे झालाय, पण त्या दिवशी वारा सुटला म्हणून तो बंद. मग काय, बायकांचा घोळका रात्री काठ्या टेकत पायथ्यापासूनच निघाला.

मित्र पुढे सरसावून बसला. “मावशी, एक विचारू? एवढं चढून वर गेल्यावर आतून नेमकं काय वाटतं?”

“आतून? भूक लागते. कमंडलूच्या तिथे प्रसाद छान असतो.”

“तसं नाही. म्हणजे आयुष्याबद्दल काही...”

मावशी त्याच्या मनगटातल्या दोऱ्यांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, “अरे, यंदा काय झालं माहितेय का? खाली येऊन बघते तर चपला गायब! नव्या कोऱ्या होत्या. जुनागढ स्टेशनपर्यंत अनवाणी आले.”

“मग बास आता,” मी म्हटलं. “गुडघे बघ स्वतःचे.”

“पौर्णिमेचं तिकीट काढलंय,” मावशी म्हणाली. “तुझ्या जुन्या स्लिपर असतील तर आणून ठेव. त्या गेल्या तरी चालतील.”